पावसाची वही कोणी अडवली?

भूमच्या आमच्या शाळेत, पटांगणाच्या एका कोपऱ्यात तारेच्या कुंपणामध्ये एक पर्जन्यमापक उभा आहे. दररोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजपात्रात घ्यायचे, आकडा लिहायचा आणि पाणी ओतून द्यायचे, हे काम विद्यार्थी करतात. साडेआठची वेळ आम्ही आमच्या मनाने ठरविलेली नाही. भारतीय हवामान खात्याची पावसाची नोंद याच वेळी होते. मागील चोवीस तासांत जेवढे पाणी पडले तो त्या दिवसाचा पाऊस. पाणी एकदा ओतून दिले की तो आकडा पुन्हा मोजता येत नाही, हे लक्षात ठेवा. पुढील सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

बालाघाटच्या डोंगररांगेतील हा भाग पर्जन्यछायेत येतो. येथे पाऊस मोजून मापूनच पडतो असे थट्टेने म्हणतात. म्हाताऱ्या माणसांपाशी बसा, दहा वाक्यांत एकदा तरी बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघतो. त्यामुळे मुलांना पावसाच्या नोंदीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पूर्वी या नोंदी वहीत होत. काही वर्षांपूर्वी शाळेत संगणकांची खोली झाली, आठ संगणक आले, आणि त्यांना जोडलेली एक साठवणपेटी आली. जाडजूड शब्दकोशाएवढी ही पेटी असते. तिच्यात चुंबकीय तबकड्या असतात आणि तारेने ती खोलीतील सर्व संगणकांना जोडलेली असते. कोणत्याही संगणकावर बसा, पेटीतील फाइल तुमच्या पुढ्यात. थोडक्यात, आठ टेबलांच्या मध्ये ठेवलेले एकच कपाट. पावसाची वही या कपाटात गेली.

जून महिना होता. मृगाचा पहिला दमदार पाऊस रात्री पडून गेला होता. सकाळी दहावीची दोन मुले आकडा कागदावर टिपून धावत संगणकाच्या खोलीत गेली आणि तितक्याच वेगाने परत आली.

“सर, आकडा घ्यायला नाही म्हणायलंय ते!”

जाऊन पाहिले. फाइल उघडत होती. मागील वर्षीचे सगळे आकडे नीट दिसत होते. पण नवा आकडा भरून साठवायला गेले की पाटी येई, “परवानगी नाकारली”. दुसऱ्या संगणकावर तेच. माझ्या नावाने प्रवेश केला तरी तेच. गंमत अशी की वही आमचीच, कपाट आमचेच, आणि आम्हालाच लिहायला मज्जाव!

हा मज्जाव कोण करतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९६० च्या सुमारास एक संगणक म्हणजे एक खोली भरेल एवढे यंत्र असे, आणि एका वेळी एकच माणूस ते वापरी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत करून दाखविली. अनेक माणसे आली की “हे माझे, ते तुझे” आलेच. म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला. पण १९६६ साली तेथे एक मजेदार घोटाळा झाला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन वेगळ्या फाइली दुरुस्त करीत होते. एकाच्या हाती सर्वांना दाखवायची रोजची सूचना होती, तर दुसऱ्याच्या हाती सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी. दुरुस्तीच्या वेळी तयार होणाऱ्या तात्पुरत्या फाइलीचे नाव दोघांसाठी एकच होते. अदलाबदल झाली, आणि जो कोणी संगणकात प्रवेश करी त्याच्यासमोर सूचनेऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द येऊ लागले!

पुढे १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची कार्यप्रणाली रचली. १९७१ च्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तकात फाइलीच्या परवानग्या बदलण्याची आज्ञा आढळते. “चेंज मोड” हे दोन शब्द छाटून तिचे नाव “चमॉड” असे केले होते. ती आज्ञा त्याच नावाने आजही चालते. आमच्या पेटीत असते तशी लिनक्स ही कार्यप्रणाली युनिक्सच्याच वळणाची आहे. म्हणजे भूममध्ये आमची वही अडविणारा नियम पन्नास वर्षांहून जुना होता.

नियम असा आहे. प्रत्येक फाइलीला एक मालक असतो आणि एक गट असतो. मालक आणि गट सोडून जे उरले ते इतर. अशा तीन प्रकारच्या माणसांना तीन गोष्टींची परवानगी देता येते किंवा नाकारता येते : वाचणे, लिहिणे आणि चालविणे. चालविणे हे आज्ञावलीसाठी असते, पावसाच्या आकड्यांना त्याचा उपयोग नाही. तीन माणसे, तीन परवानग्या. एकूण नऊ प्रश्न, आणि प्रत्येकाचे उत्तर होय किंवा नाही. नऊ प्रश्नांची उत्तरे किती प्रकारे देता येतील? दोनाचा नववा घात, म्हणजे ५१२ प्रकारे.

ही उत्तरे लिहिण्याची युक्ती मला फार आवडते. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालविण्याला १ हे अंक दिलेले आहेत. ज्या परवानग्या असतील त्यांची बेरीज करायची. वाचणे आणि लिहिणे असेल तर ६. फक्त वाचणे असेल तर ४. सगळे असेल तर ७, काहीच नसेल तर ०. आता ४, २, १ हेच अंक का? १, २, ३ का नाहीत? तसे केले असते तर ३ म्हणजे तिसरी परवानगी, की पहिली आणि दुसरी मिळून, हे कळले नसते. ४, २, १ घेतले की कोणत्याही दोन निवडींची बेरीज सारखी येत नाही. द्विमान पद्धती तुम्ही गणितात शिकला असाल, तिचाच हा उपयोग आहे. मालक, गट, इतर या क्रमाने तीन अंक लिहिले की फाइलीचा सगळा कायदा तीन अंकांत मावतो. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे आणि लिहावे, गटाने आणि इतरांनी केवळ वाचावे.

आमच्या पावसाच्या फाइलीवर नेमका हाच आकडा होता, ६४४. मागील वर्षी दहावीतील एक हुशार मुलगी या नोंदी भरीत असे. फाइल तिने आपल्या खात्यातून तयार केली, म्हणून ती मालक झाली. वर्षभर तीच लिही, बाकीचे पाहत. कोणालाही अडचण आली नाही. मार्चमध्ये ती परीक्षा देऊन गेली आणि तिचे खाते पेटीतून काढून टाकण्यात आले. फाइल मात्र राहिली. लिहिण्याचा अधिकार असलेली एकुलती एक व्यक्ती शाळेतून गेली आणि वही कुलूपबंद झाली.

येथे मी जे केले ते सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. बाहेर मुले आकड्याचा कागद हातात धरून उभी होती. पेटीच्या व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द मला ठाऊक होता. पेटीच्या बुडाला चिकटविलेल्या कागदावर तो माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. मी व्यवस्थापक म्हणून प्रवेश केला आणि पावसाच्या फोल्डरला, आतल्या सगळ्या फाइलींसकट, ७७७ देऊन टाकले. सर्वांना सर्व काही! आकडा लगेच भरला गेला. मुले खूश आणि मीही खूश. अडचण आली की ७७७ ठोकून मोकळे होणारी माणसे जगभर आहेत, आणि त्या दिवशी मी त्यांच्यात जमा झालो.

आमच्याकडे घरोघरी दूधदुभते आहे आणि खव्याच्या भट्ट्या भूम तालुक्यात जागोजागी आहेत. भट्टीवर कढईभोवती दहा जण उभे राहिले तरी चालतात. पण उलथणे एकाच्याच हाती असते. प्रत्येकाने येता जाता दोन हात मारायचे ठरविले तर खवा करपेल. मी दहाही जणांच्या हातात उलथणे दिले होते.

तीन आठवड्यांनी खवा करपला. जुलैच्या सुरुवातीला फाइल उघडली तर एक विलक्षण दृश्य दिसले. १ जूनला सर्वांत जास्त पाऊस, २ जूनला त्याहून कमी, ३ जूनला त्याहून कमी. पावसाने जणू उंचीप्रमाणे रांग लावली होती! शेवटी शून्येच शून्ये. झाले होते असे की कोणीतरी पावसाचा एकच रकाना निवडून आकडे उतरत्या क्रमाने लावले होते आणि फाइल साठवून टाकली होती. तारखांचा रकाना जागच्या जागी राहिला. आकडे सगळे खरे, पण कोणता आकडा कोणत्या तारखेचा हे हरवले. आकडे खोडले असते तर निदान डोळ्यात भरले असते. हे तर दिसायला अगदी व्यवस्थित!

पेटी दररोज रात्री पावसाच्या फोल्डरची एक नक्कल करून ठेवी. मोठ्या आशेने ती उघडली. पण ती नक्कल एकाच दिवसाची असे. बिघाड होऊन दोन रात्री उलटल्या होत्या आणि चांगल्या नकलेवर बिघडलेली नक्कल बसली होती.

मग स्वाभाविक प्रश्न आला, हे कोणी केले? मी पेटीत फाइलीची सविस्तर माहिती पाहिली. मालक म्हणून आठवीतील एका मुलाचे नाव तेथे होते. मी त्याला बोलावले. तो थरथर कापत उभा राहिला. “सर, म्या हातबी लावला नाही,” एवढेच पुन्हा पुन्हा म्हणे. माझा विश्वास बसला नाही. यंत्र कशाला खोटे बोलेल? वर्गातील मुलांनीही त्याच्याकडे पाहून मान फिरविली.

विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. तुम्ही माझ्या जागी असता तर आणखी काय पाहिले असते?

मला ते संध्याकाळी घरी सुचले. दुसऱ्या दिवशी मी त्याच फोल्डरमधील मागील वर्षीची फाइल पाहिली. मागील डिसेंबरनंतर तिला कोणी हात लावलेला नव्हता, तशी तारीखच तिच्यावर होती. तिचाही मालक तोच मुलगा! पण मागील वर्षी तो सातवीत होता आणि सातवीच्या मुलांना पेटीत खातीच नव्हती. जो मुलगा पेटीच्या दृष्टीने जन्माला यायचा होता, तो फाइलीचा मालक कसा?

उत्तर असे आहे. पेटी नावे लक्षात ठेवीत नाही. प्रत्येक खात्याला एक क्रमांक असतो आणि फाइलीवर फक्त तो क्रमांक नोंदलेला असतो. आपल्याला नाव दिसते ते यादीत पाहून शेवटी लावलेले असते. त्या मुलीचा क्रमांक होता १०१७. तिचे खाते काढले तेव्हा यादीतून नाव गेले. फाइलींवरचा १०१७ तसाच राहिला. पुढे आठवीची खाती उघडताना पेटीने रिकामा क्रमांक पाहून १०१७ त्या मुलाला दिला. त्या क्षणी मुलीच्या सगळ्या फाइलींचा तो मालक झाला, आणि त्याला याचा पत्ताही नव्हता. शाळा सोडून गेलेल्या मुलाचा हजेरी क्रमांक नव्या मुलाला द्यावा आणि जुन्या मुलाने न भरलेला दंड नव्याकडे मागावा, तसाच हा प्रकार.

शिवाय फाइलीचा मालक म्हणजे तिच्यात शेवटी लिहिणारा नव्हे. ७७७ असल्यावर कोणीही आत लिहू शकतो आणि मालक तोच राहतो. काही आज्ञावल्या मात्र जुन्या फाइलीत लिहिण्याऐवजी नवी फाइल तयार करून तिला जुने नाव देतात. तेव्हा मालक बदलतो. म्हणजे या रकान्यावरून चोर पकडणे हे दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहे. मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. आकड्यांची रांग कोणी लावली ते आजवर कळलेले नाही. सर्वांना सर्व काही दिले की कोणी काय केले हे विचारण्याची सोयही जाते.

हा क्रमांकाचा घोटाळा जाळ्यावर आणखी रंगतो. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली एनएफएस ही पद्धत काढली. तिच्यामुळे दूरच्या यंत्रातील फाइली आपल्याच यंत्रात असल्यासारख्या वापरता येतात. तिच्या मूळ साध्या प्रकारात तुमचा संगणक पेटीला एवढेच सांगतो की “मी क्रमांक अमुक बोलतो आहे”, आणि पेटी त्यावर विश्वास ठेवते. आता दहावी अ मधील १२ क्रमांक आणि दहावी ब मधील १२ क्रमांक हे एकच मूल असते का? दोन संगणकांवर खाती वेगवेगळ्या क्रमाने उघडली तर एकीकडचा १००३ आणि दुसरीकडचा १००३ ही दोन वेगळी माणसे होतात. पेटीला ती एकच वाटतात. आमच्या आठ संगणकांपैकी चार लिनक्सवर चालत आणि पेटीशी याच पद्धतीने बोलत. एक मुलगी तिसऱ्या संगणकावर आपली फाइल उघडू शके, पण चौथ्यावर नाही, हे कोडे महिनोन्महिने पडले होते. ते या निमित्ताने सुटले.

उरलेले चार संगणक विंडोजवर चालतात. त्यांची बोली वेगळी. तिला एसएमबी म्हणतात आणि तिचा उगम १९८३ च्या सुमारास आयबीएम कंपनीत झाला. पेटीतील लिनक्सला ही बोली कोणी शिकविली? ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास या कामाला सुरुवात केली. आज्ञावलीला नाव हवे होते, म्हणून त्यांनी संगणकातील शब्दकोशात एस, एम आणि बी ही तीन अक्षरे क्रमाने असलेले शब्द शोधले. त्यात “सांबा” सापडला; नाचाचे नाव आज्ञावलीला मिळाले. सांबाच्या वाटेने येणाऱ्याला दोन दरवाजे लागतात. पहिला दरवाजा सामाईक जागेचा : या नावाच्या माणसाला येथे येऊ द्यायचे का, आणि लिहू द्यायचे का? दुसरा दरवाजा फाइलीच्या त्या तीन अंकांचा. शाळेचे फाटक उघडे असले तरी कपाटाला कुलूप असू शकते, आणि कपाट उघडे असले तरी फाटक बंद असू शकते. दोन्ही उघडे असतील तरच हात वहीपर्यंत पोचतो. पुष्कळ जण एकाच दरवाजाशी झगडत बसतात आणि दुसरा पाहतच नाहीत.

आता दुरुस्ती. मी मुलांना बरोबर घेऊन ती केली, कारण चूकही सर्वांसमोर झाली होती.

प्रथम फळ्यावर लिहिले की या वहीत लिहिण्याची गरज कोणाला आहे. पाऊस मोजणारी चार मुले आणि एक शिक्षक. पाहण्याची गरज सगळ्या शाळेला. मग “पाऊस” नावाचा गट केला आणि त्यात ही पाच खाती घातली. वहीची मालकी एखाद्या विद्यार्थ्याला न देता शाळेच्या कायमच्या खात्याला दिली. चालू वर्षाच्या फाइलीवर ६६४ हा आकडा आला : मालक आणि गट यांनी लिहावे, इतरांनी वाचावे. गेल्या वर्षांच्या फाइलींवर ४४४, म्हणजे कोणीच लिहू नये.

तेवढ्यात एका मुलीने विचारले, “सर, मग जुनी फाइल कोणी पुसू शकणार नाही ना?” मी “नाही” म्हणालो आणि चुकलो! फोल्डरच्या बाबतीत या तीन परवानग्यांचा अर्थ बदलतो. फोल्डर म्हणजे आतल्या नावांची यादी. फोल्डर वाचणे म्हणजे ती यादी पाहणे. फोल्डरमध्ये लिहिणे म्हणजे यादीत नाव घालणे, बदलणे किंवा खोडणे. आणि चालविणे म्हणजे त्या दारातून आत जाणे. फाइल पुसणे हे यादीतील नाव खोडणे असल्यामुळे त्यासाठी फाइलीची परवानगी लागत नाही, फोल्डरची लागते. तुमच्या शाळेत लिनक्स असेल तर एक कोरी फाइल करून तिला ४४४ द्या आणि पुसून पाहा. संगणक फार तर एकदा “नक्की का?” विचारील आणि पुसून टाकील. म्हणून आम्ही जुन्या वर्षांसाठी वेगळे फोल्डर केले आणि त्याला ७५५ दिले. तेथे गटालाही यादीत खाडाखोड करता येत नाही.

दुसरी अडचण नव्या फाइलींची. मुलाने गटाच्या फोल्डरमध्ये नवी फाइल केली तरी तिचा गट त्या मुलाचा स्वतःचा होई, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाला मज्जाव. यावर फोल्डरला एक जादा खूण करता येते. तीन अंकांच्या आधी २ लिहायचा, म्हणजे २७७५. मग आत जन्मणारी प्रत्येक फाइल फोल्डरचा गट घेते. तरीही नव्या फाइलीवर गटाला लिहिण्याची परवानगी राहील असे पेटीच्या मांडणीत वेगळे सांगावे लागते. नाहीतर ६४४ पुन्हा हजर. फाइल दुसऱ्या फोल्डरमधून हलवून आणली तर ती आपला जुना गट आणि जुने अंक घेऊन येते, नक्कल करून आणली तर नव्या घराचे नियम घेते. हे न कळल्यामुळे आमचा एक अख्खा तास गेला.

सगळे नीट केले आणि तरी चारपैकी एका मुलाला मज्जाव! अंक बरोबर, गटाच्या यादीत नाव बरोबर. मी पुन्हा ७७७ कडे वळणार होतो, खरेच सांगतो. पण त्या मुलाला विचारले तेव्हा कळले की तो सकाळपासून उठलेलाच नव्हता. माणूस कोणत्या गटांत आहे हे संगणक प्रवेशाच्या वेळी एकदाच पाहतो. त्याला गटात घातले त्याआधीच तो आत येऊन बसला होता. बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला आणि काम झाले. एकदा तर मज्जाव परवानगीचा नव्हताच. दुसऱ्या संगणकावर तीच फाइल उघडी होती म्हणून ती फक्त वाचायला मिळत होती. म्हणून पाटीवरचे शब्द नीट वाचावेत. यादी दिसत नाही, फाइल उघडत नाही, साठवत नाही की पुसता येत नाही, हे चार वेगळे आजार आहेत. तो आजार एकालाच आहे की सगळ्यांना, एकाच संगणकावर आहे की सर्वांवर, एवढे विचारले तरी निम्मा शोध संपतो. मग पेटीला विचारायचे की तू मला कोण समजतेस; लिनक्सवर “आयडी” ही आज्ञा आपला क्रमांक आणि आपले गट सांगते.

एक बारकावा राहिला. पेटी आधी पाहते की तुम्ही मालक आहात का. असाल तर फक्त पहिला अंक लागू, पुढचे पाहिलेच जात नाहीत. मालक नसाल आणि गटात असाल तर फक्त दुसरा. दोन्ही नसाल तरच तिसरा. फाइलीचे अंक बदलण्याचा अधिकार मात्र मालकाला आणि व्यवस्थापकाला नेहमीच असतो.

हे सर्व मुलांना सांगताना एकाने म्हटले, “सर, हे तर सातबारासारखंच आहे की.” त्याचे वडील नुकतेच जमिनीच्या नोंदीसाठी कचेरीत जाऊन आले होते. मुलाचे म्हणणे अगदी योग्य होते. सातबारा कोणालाही पाहता येतो. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद घेतो. पण ती प्रमाणित करण्याचा अधिकार त्याला नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ही पद्धत घालून दिलेली आहे. पाहणारे सगळे, लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी लिहिले की प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच, कमीत कमी अधिकार द्यावा. गावच्या चावडीला ते नवे वाटले नसते.

राहिला जूनचा पाऊस. पर्जन्यमापकाजवळच्या खोलीत आमच्या शिपाई मामांची एक जुनी वही असते. संगणक आला तरी मामांनी तिच्यात आकडा टिपण्याची सवय सोडली नव्हती. ती वही मुलांनी मागून आणली आणि सगळा महिना पुन्हा भरला. तीन दिवस मात्र मामा गावी गेले होते, त्या तीन तारखांना वहीत काही नव्हते. आमच्याजवळ तीन आकडे शिल्लक राहिले, पण कोणता कोणत्या दिवसाचा हे सांगणार कोण? एक मुलगा म्हणाला, अंदाजाने लावू. दुसरा म्हणाला, शून्य लिहू. बराच वाद झाला. शून्य म्हणजे त्या दिवशी पाऊस पडला नाही असे विधान होते, आणि ते करण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. शेवटी त्या तीन चौकटींत “नोंद नाही” असे लिहिले आणि खाली टीप दिली : तीन दिवसांचा मिळून पाऊस एवढा. टीप लिहायला आठवीतील त्या मुलाला बसविले. त्या दिवसापासून तो “पाऊस” गटात आहे, आणि १०१७ हा क्रमांक त्याच्याकडेच आहे.

आता तुमच्यासाठी एक कोडे. एका फाइलीवर ०६४ हे अंक आहेत. तिचा मालक तिच्या गटातही आहे. त्याला ती फाइल वाचता येईल का? येत नसेल, तर व्यवस्थापकाकडे न जाता त्याच्या हाती कोणता उपाय उरतो?